सराट्याचा राजीनामा

सगळ्यात आधी नाव सांगून टाकते : मला वाचवलं ते माझ्या आजानं. नाव सुकराम. वय एकाहत्तर (आजाच्या मते साठ, आधार कार्डाच्या मते ब्याऐंशी, मी मधला आकडा धरलाय). शिक्षण शून्य. अनुभव, एकाच मालकाकडं चाळीस वर्षं. आता काय घडलं ते सांगते. त्यात माझी अब्रू जाणार आहे, पण ती तशीही गावात फार शिल्लक नाही.

हे मी मालवणातून लिहिते आहे. महाराष्ट्राच्या त्या टोकाला आमचा गोंदिया जिल्हा, या टोकाला हे. दोन्हीकडं भातच. फरक एवढाच, की इथं भाताबरोबर समुद्र मिळतो आणि रडू आलं तर कोणी ओळखीचं दिसत नाही. मी इथं एका खाणावळीत स्वयंपाक करते, आणि इथवर पोचायला मला दोन सराटे, एक नारळ आणि एक आजा लागला.

नववीत मी शाळा सोडली. कारण विचारलं की लोकांना गरिबी ऐकायची असते. खरं कारण बीजगणित होतं. मी घरी बसले तशी माय वैतागली, तेव्हा नागझिऱ्याच्या गेटाजवळ वर्षाताईंच्या पर्यटक निवासात मला कामाला घेतलं. (आमच्या गावापासून सायकलनं वीस मिनिटं. अस्वल आडवं आलं तर अकरा.) वर्षाताई नागपूरच्या. चार खोल्या, एक जीप, एक मोठं स्वयंपाकघर. पहिल्याच दिवशी मी दहा माणसांचा भात जाळला. ताईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘छान. उद्या याच्यापेक्षा कमी जाळू.’’

बस्स! त्या एका वाक्यावर मी तीन वर्षं राहिले. पाहुणे आले की फ्रिजमागं लपणारी मी, ताईंनी हाताला धरून बाहेर काढली. फळ्यावर आजचं जेवण लिहायला शिकवलं. माझ्या हाताला एक लांब लोखंडी सराटा, म्हणजे मोठं उलथनं, दिला आणि सांगितलं, ‘‘हा तुझा. दुसऱ्या कोणी हात लावला तर मला सांग.’’ शाळेत मला कोणी पट्टीसुद्धा दिली नव्हती, मारायला सोडून.

मग एकदा मालवणला खाणावळ चालवणाऱ्या नयनाकाकू वाघ बघायला आल्या. वाघ काही दिसला नाही, पण त्यांनी माझ्या हातचा तळ्यातला मासा खाल्ला आणि थेट स्वयंपाकघरात आल्या.

‘‘गो, तुका मासो समजता. समुद्राचो शिकवतंय. येशील?’’

‘‘हो,’’ मी म्हणाले.

मी सगळ्यांनाच हो म्हणते. घाबरट माणसाला ‘नाही’ म्हणायला जेवढा दम लागतो तेवढा माझ्या छातीत मावत नाही. पण खरं सांगते, हा ‘हो’ तसा नव्हता. मला जायचं होतं. फार जायचं होतं. मला समुद्र बघायचा होता, सुरमई कापायची होती, आणि पुढंमागं स्वतःचं छोटंसं हॉटेल काढायचं होतं. (नावसुद्धा ठरलं होतं. सांगणार नाही. हसाल.) काकूंनी आक्तीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर बोलावलं. गोंदियाहून कोल्हापूरच्या गाडीचं तिकीट काढलं, आक्तीच्या दुसऱ्या दिवसाचं. आता एकच काम उरलं होतं : वर्षाताईंना सांगायचं.

ते काही जमेना. सकाळी ठरवून जायचे, ‘ताई, मी नोकरी सोडते.’ तोंड उघडलं की बाहेर यायचं, ‘ताई, मी कांदे सोलते.’ त्या आठवड्यात मी एवढे कांदे सोलले की पाहुण्यांनी तक्रार केली.

काकाच्या पोरीचं लग्न निघालं तशी मी सुट्टी घेऊन घरी आले. लग्नाच्या भाजीसाठी सराटाही बरोबर आणला. मांडवात पहिला सल्ला घेतला तो चुलतभाऊ रितेशचा. रितेशनं चार वर्षांत सात नोकऱ्या केल्यात. कपड्याचं दुकान, मोबाईलचं दुकान, दोन ढाबे, राईस मिल, टायरचं दुकान आणि एक अशी, की ती काय होती हे त्यालाही कळलं नाही.

‘‘सांगाचं कायले?’’ तो म्हणाला. ‘‘सिम काढ, दुसरी टाक. मालक संपला!’’

‘‘तू सातही नोकऱ्या अशाच सोडल्या?’’

‘‘हव ना! इमानदारीत सोडलो. एका बी मालकाले वाईट शब्द नाही बोललो.’’

(बरोबर आहे. बोललाच नाही.)

हे माझ्याच्यानं झालं नसतं. ताईंचा फोन लागला नाही तर त्या जीप घेऊन थेट घरी येतील, सोबत ताप मोजायचं यंत्र घेऊन. म्हणून मी आजाकडं गेले. आजा बाजेवर बसून चंचीतून तंबाखू काढत होता. सालेकसाच्या जंगलातला गोंडाचा पोरगा, वयाच्या पंधराव्या वर्षी दवनीवाड्याच्या एका पवार पाटलाकडं सालदार म्हणून राहिला, तो थेट पाटील वारला तेव्हाच घरी आला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहणारा गडी. त्याचं साल आक्तीला संपतं आणि आक्तीलाच सुरू होतं. नोकरीच्या बाबतीत आजाएवढा जाणता माणूस आमच्या घरात नाही. रितेशचा अनुभव रुंद आहे, आजाचा खोल.

‘‘आजा, मालक चांगला असला आन् तरी सोडाचं असलं तं कसं सांगाचं?’’

(कोणासाठी ते सांगितलं नाही. आजाला वाटलं, रितेशसाठी.) आजानं तंबाखू मळली, दोनदा थापटली.

‘‘तोंडानं नाही सांगाचं, बाई. तोंडानं सांगलं का दोघायचं तोंड वाकडं होते. आक्तीच्या आंधी आपली पराणी न्याची…’’

‘‘बैल हाकाची?’’

‘‘मंग का म्हैस हाकाची? ते न्याची, मालकाच्या ओसरीत भिंतीले टेकवून ठेवाची, रामराम कराचा आन् वापस याचं. मालक समजते. भांडन नाही, रडनं नाही.’’

अहाहा! काय ती पद्धत! एक शब्द न बोलता राजीनामा! मी आजाच्या पाया पडून तिथून पळालेच. मागून आजा काहीतरी म्हणत होता, ‘‘पन मालकानं जर…’’ पण मी ऐकायला थांबले नाही. (बीजगणितातही माझं असंच झालं होतं. गुरुजी अर्धं सांगायचे की मला वाटायचं, समजलं.)

माझ्याकडं पराणी नव्हती, पण सराटा होता! रितेशला मोटारसायकलवर पाठवलं. (तो तेव्हा दोन नोकऱ्यांच्या मधे होता. तो बहुतेक मधेच असतो.)

‘‘ताईंच्या ओसरीत भिंतीला टेकव, रामराम कर आणि परत ये. बोलू नको.’’

‘‘सराटा? हेच द्याचं?’’

‘‘हेच. ताई समजतील.’’

संध्याकाळी ताईंचा निरोप आला : ‘रोशनी, सराटा मिळाला. दांडा छोटा पडतो ना गं? तीन वर्षं बोलली नाहीस! हात भाजत असेल.’

मी निरोप चारदा वाचला. चारही वेळा तोच होता.

दुसऱ्या दिवशी मी मायबरोबर तळ्यावर कपडे धुवायला गेले होते. परत येते तर अंगणात गर्दी. शेजारच्या बाया, काका, दोन कुत्री, आणि मधे नवं धोतर नेसून आजा. खोबऱ्याचे तुकडे वाटत होता. घरात देवाच्या कोपऱ्यात एक नवा कोरा सराटा उभा होता. स्टीलचा, लाकडी दांड्याचा, माझ्या खांद्याएवढा. त्याला हळद लावलेली.

‘‘आजा, हे काय?’’

‘‘घे, खोबरं खा. तुयी नोकरी पक्की झाली.’’

‘‘कोणती नोकरी?’’

‘‘कोनती म्हनते पाय! ताईचा डायवर येऊन गेला. नवा सराटा देऊन गेला. मी नारळ फोडलो.’’

‘‘म्हणजे काय झालं?’’

‘‘म्हंजे सांगलो होतो ना तुले? तू ऐकलीस कोठी! मालकानं जर आक्तीच्या आंधी नवी पराणी घरी पाठवली, आन् घरच्या मोठ्या मानसानं नारळ फोडून घरात घेतली, तं साल पक्कं. शब्द गेला आपला.’’

तर हा होता उरलेला अर्धा भाग! मी मटकन बाजेवर बसले. बाजेवर खोबरं होतं, ते फुटलं. आजाला वाटलं मी आनंदानं बसले.

आता सांगा, काय करायचं? तिकीट खिशात, शब्द देवाच्या कोपऱ्यात. आजाला खरं सांगावं, तर त्यानं चाळीस वर्षांत एकदाही शब्द मोडलेला नाही आणि शेजारणी अजून त्याच्या शब्दाचं खोबरं चावत होत्या. ताईंना खरं सांगावं, तर आधीच्या सराट्यातून त्यांना एवढंच कळलं होतं की माझा हात भाजतो. पण मी हार मानली नाही. (मानायला हवी होती.) आजा दुपारी झोपला तसा नवा सराटा उचलला, सोबत माझा अॅप्रन, टोपी, मसाल्याच्या कपाटाची किल्ली, सगळं एका पोत्यात भरलं. आता तरी समजायलाच हवं! आंधळ्यालाही समजेल!

‘‘हे पाय,’’ रितेश पोतं उचलत म्हणाला, ‘‘सात नोकऱ्या सोडलो, पन येवढं सामान कधी वापस नाही केलो. तू तं नोकरी सोडून राहिली का घर बदलून राहिली?’’

‘‘जा तू!’’

‘‘सिम काढ म्हटलं तं ऐकत नाही…’’

संध्याकाळी निरोप आला : ‘रोशनी, सगळं समजलं. चूक माझीच आहे. आक्तीला मी घरी येते, आजोबांसमोरच बोलू.’

समजलं! मला इतकं हलकं वाटलं की मी जेवले. दोन दिवसांनंतर पहिल्यांदा. आजाला मात्र नवा सराटा दिसेना. मी म्हटलं, माळ्यावर ठेवलाय, उंदीर लागतात. (लाकडी दांड्याला उंदीर! पण आजानं मान डोलावली. माझ्यावर त्याचा फार विश्वास.)

आक्तीच्या दिवशी सकाळीच जीप आली. आजा पागोटं बांधून ओसरीत तयार. मायनं अंगण सारवलेलं. बाबा तेंदूपत्त्याच्या कामावरून धावत आलेले. रितेश भिंतीला टेकून उभा. त्याला तमाशा चुकवायचा नव्हता. ताई उतरल्या. हातात एक खोकं, आणि मागून ड्रायव्हरच्या खांद्यावर तोच तो सराटा!

‘‘या, बसा ताई,’’ आजा म्हणाला. ‘‘आमची पोट्टी तुमच्या पदरात…’’ आणि त्याची नजर सराट्यावर गेली. ‘‘हा कोठून आला? हा तं माळ्यावर हाय ना?’’

‘‘आजोबा, आधी माझं ऐका. रोशनीनं सराटा परत पाठवला, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी नवा पाठवला. तोही तिनं परत केला, अॅप्रनसकट. तेव्हा कळलं. पोरगी तीन वर्षं राबते आणि मी तिला अजून मदतनीसच म्हणते! तिला मान हवाय. आणि तो तिचा हक्कच आहे.’’

असं म्हणून त्यांनी खोकं उघडलं. आत पांढराशुभ्र अॅप्रन. छातीवर लाल रेशमानं भरतकाम केलेलं : ‘मुख्य आचारी – रोशनी’.

जीप बघून जमलेल्या शेजारच्या बायांनी टाळ्या वाजवल्या. आजानं टाळी वाजवली नाही. तो माझ्याकडं बघत होता.

‘‘बाई. तू सराटा वापस केलीस?’’

‘‘…हव.’’

‘‘मी नारळ फोडल्यावर?’’

‘‘…एकदा आंधी. एकदा नंतर.’’

‘‘दोनदा!’’ आजानं पागोट्याला हात लावला. ‘‘म्हंजे तू मालकाले दोनदा ना म्हटलीस, आन् मी येथी खोबरं वाटून राहिलो?’’

‘‘नाही म्हणजे?’’ ताई गोंधळल्या. ‘‘कशाला नाही?’’

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उचकी आली. पुन्हा उघडलं. पुन्हा उचकी. शेवटी भिंतीजवळून आवाज आला :

‘‘ताई, हे मालवणले जाऊन राहिली ना! उद्या गाडी हाय!’’

(चार वर्षांत रितेशनं कुठल्याही मालकाला काही सांगितलं नव्हतं. सांगितलं ते हे.)

ताईंनी अॅप्रनची घडी घातली. उलगडली. पुन्हा घातली.

‘‘रोशनी, मला एका शब्दानं सांगायचं नाहीस का गं?’’

‘‘सांगितलं ना, ताई,’’ मी रडत म्हणाले. ‘‘सराट्यानं.’’

‘‘मी काय इतकी वाईट आहे, की माझ्याशी बोलायला सराटा लागावा?’’

‘‘वाईट असत्या तर केव्हाच बोलले असते! चांगल्या आहात म्हणून तर…’’ आणि उचकी.

ताईंनी अॅप्रन माझ्या हातात दिला. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला, खांदे हलले, आणि त्या अशा हसायला लागल्या की ड्रायव्हरनं सराटा खाली ठेवला.

‘‘दांडा!’’ त्या डोळे पुसत म्हणाल्या. ‘‘आणि मी दांडा मोठा करून पाठवला!’’

मग त्यांनी मला जवळ घेतलं. ‘‘जा. मासा शिकून ये. मी कोण अडवणारी? पण आज संध्याकाळी चारही खोल्या भरल्यात गं, आणि चुलीपुढं कोणी नाही. ते जाऊ दे, मी बघते.’’

‘‘तुमी कायले पाहाल?’’ आजा म्हणाला, आणि उठला. ‘‘शब्द गेला हाय या घरातून. ते थोडी देल्ली शब्द? मी देल्लो. मीच पाळतो.’’

‘‘बा!’’ बाबा ओरडले. ‘‘तुले सैपाक येते का?’’

‘‘सैपाक नाही येत,’’ आजा म्हणाला. ‘‘राहता येते.’’

आजानं घरातून आपलं घोंगडं आणलं, चंची कमरेला खोचली, सराटा खांद्यावर घेतला आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसला. बसल्यावर बाहेर बोट केलं.

‘‘रितेश! चल बे! दोन ढाबे केला ना तू? बस मांगं.’’

‘‘आजा, मी… मले…’’

‘‘तुयी सिम काढ. दे येथी.’’

रितेशनं सिमकार्ड काढून दिलं. आजानं ते चंचीत तंबाखूशेजारी ठेवलं. जीप गेली. मी अंगणात उभी, हातात मुख्य आचाऱ्याचा अॅप्रन, आणि तो घालायचा कोणाला, हा प्रश्न.

ताईंनी दोन दिवसांत आजाला घरी सोडलं असेल असं मला वाटलं होतं. मालवणला पोचून फोन केला तर कळलं, आजा गेटाजवळ खाटेवर बसतो. लसूण सोलतो. पाहुण्यांना वाघ दिसला नाही तर सालेकसाच्या वाघाची गोष्ट सांगतो. लोक म्हणतात, आता खरा दिसला नाही तरी चालेल. पावसाळ्यात जंगल बंद होतं, खोल्या रिकाम्या पडतात, तरी आजा घरी गेला नाही. ताई म्हणाल्या, ‘‘आजोबा, आता काम नाही.’’ तर म्हणे, ‘‘काम नसलं तं का झालं, साल तं सुरू हाय.’’ आणि रितेश? रितेश वर्षभर टिकलाय! आजा म्हणतो, पोट्टा गुणाचा आहे. रितेश म्हणतो, सिम मिळाली की बघतो.

इकडं मीही शिकतेय. सुरमई कापता येते, सोलकढी जमते, ‘नाही’ म्हणायला अजून उचकी लागते. नयनाकाकूंना मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, ‘‘काकू, मी कधी तुम्हाला पळी परत दिली, तर घेऊ नका. मला खुर्चीत बसवा आणि विचारा.’’ त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण हो म्हणाल्या.

वर्ष संपत आलं तसं मला राहवेना. माझ्या जागी या वयाचा माणूस लसूण सोलतो आणि मी समुद्र बघते! परवा फोन केला.

‘‘आजा, आक्तीले मी येते. तुयं साल झालं. आता माहं मी पाहीन, तू घरी बस.’’

‘‘कायले येते?’’

‘‘काऊन?’’

‘‘काल ताईनं घरी नवी काठी पाठवली. चांगली, मुठीची,’’ आजा म्हणाला. ‘‘मी घरी जाऊन नारळ फोडलो.’’

(वर्षाताई आता पूर्ण पद्धत शिकल्यात. पूर्ण ऐकून घेतात ना त्या!)

म्हणजे यंदाही जागा भरलेली आहे. मुख्य आचारी व्हायचं सोडून पळालेली मी, आता परत जायचं म्हटलं तर माझा आजाच ती जागा सोडायला तयार नाही!

तरी इथं लिहून ठेवते. आजा, तू माझ्या वाटणीचं राहिलास, ते मी फेडीन. एक दिवस येईन, तुला त्या खाटेवरून उठवीन, माझ्या हॉटेलात गल्ल्याशेजारी गादीवर बसवीन आणि लसूण मी सोलीन. फक्त तू नोकरी सोडायची तेवढी खोटी आहे. तुझा मागचा अनुभव पाहता त्याला अजून एकोणचाळीस वर्षं आहेत. तोवर मी ‘नाही’ म्हणायला शिकते, आणि समोरचा ‘पण’ म्हणाला की थांबायला.

जमलं तर. बीजगणित मला अजूनही येत नाही.